परभणीतल्या अभ्यासिकेचे पीसी लाइट आल्यावर आपोआप सुरू व्हावेत, पण बायोसमध्ये तो पर्याय दिसत नाही. कोणतं टूल वापरू?

पीसी असेंबल्ड असून बोर्डावर एएमआय या कंपनीचं बायोस असेल, तर एससीईविन हे बायोसची सेटिंग्ज विंडोजमधून बदलणारं टूल वापरा. डेलसाठी डेल कमांड कॉन्फिगर आणि एचपीसाठी बायोस कॉन्फिगरेशन युटिलिटी ही कंपन्यांचीच टूल्स आहेत. मी दुरुस्तीच्या कामात एससीईविनच आधी घेतो, कारण त्यात बायोस फ्लॅश करावं, म्हणजे चिपवर पुन्हा लिहावं लागत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं की ते सेटिंग्ज टेक्स्ट फाइलमध्ये काढून देतं, मेनूत न दिसणारीसुद्धा. त्या फाइलची एक प्रत आधी पेनड्राइव्हवर ठेवाच. मग 'एसी पॉवर लॉस' असं नाव असलेलं सेटिंग शोधा, चालू पर्यायासमोरची चांदणी (*) 'पॉवर ऑन'समोर न्या आणि फाइल परत इम्पोर्ट करा. एएमआयबीसीपी या दुसऱ्या टूलच्या वाटेला जाऊ नका. ते रॉमची, म्हणजे अख्ख्या बायोसची फाइलच बदलतं, ती फ्लॅश करताना लाइट गेली तर सीएच३४१ए प्रोग्रामर लावून चिप पुन्हा लिहावी लागते. शिवाय इंटेल बूट गार्ड (बायोस मूळचंच आहे का हे सुरू होताना तपासणारी सोय) असेल तर बदललेल्या बायोसवर बोर्ड सुरू न होण्याची शक्यता असते. मात्र काही बोर्डांवर एनव्हीरॅमला, म्हणजे सेटिंग्ज साठवणाऱ्या मेमरीला, राइट प्रोटेक्शन असतं, तिथे एससीईविनचा इम्पोर्ट एरर देऊन थांबतो. आणि बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल उतरला असेल तर आधी तो बदला.