अकरा पॅनल, डिस्पॅच शून्य

(कामाच्या ठिकाणच्या अडचणी वाचक लिहून कळवतात. उत्तरं देणाऱ्या ताईंनी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत, इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका शॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली आहेत.)

प्रश्न : ताई, बाणेरला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी सहा जणांची टीम बघते. सध्या नऊ कामं हातात आहेत. पोरं रात्री नऊ-नऊपर्यंत बसतात, तरी गेल्या दीड महिन्यात क्लायंटच्या हातात पडलं ते एकच काम. सकाळची मीटिंग तासभर चालते. आमचे सर म्हणतात, पोरं सैल सुटलीत, जरा कडक हो. होऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : रात्री नऊपर्यंत बसणारी पोरं सैल कशी म्हणायची? तुमच्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. माणसं सहा आणि कामं नऊ.

सॉफ्टवेअरमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण हे दुखणं मी जवळून पाहिलंय, आणि ते लावून घेणारीही मीच होते. १९९८चा पावसाळा. आमच्याकडे वायरमन पाच आणि फ्लोअरवर उघडी पॅनल अकरा. प्रत्येक पार्टीला फोनवर 'तुमचं काम चालू झालंय' असं सांगता यावं, म्हणून पेटी आली रे आली की मी ती उभी करून दोन-चार वायरी ओढून ठेवायला लावायचे. पार्टी खूश, मालक खूश. एका शनिवारी आठवड्याचा हिशेब मांडला तर डिस्पॅच शून्य. एक पॅनल ३२ अँपिअरच्या एका काँटॅक्टरसाठी अडलेलं. दुसऱ्याचं ड्रॉइंग पार्टीकडे अप्रूव्हलला पडलेलं. तिसऱ्याचा दरवाजा पावडर कोटिंगवाल्याकडे परत गेलेला, कारण शेड हवी होती सत्तर बत्तीस आणि त्याने मारली सत्तर पस्तीस. दोन्ही करड्याच, पण पार्टीला फरक दिसतो.

काम अडलं की वायरमन पुढच्या पॅनलवर जायचा. चार दिवसांनी परत आला की ड्रॉइंग उलगडून आपण कुठं होतो ते शोधत बसायचा, किंवा तो दुसरीकडे गुंतलेला म्हणून तिसराच कोणीतरी ते पॅनल पुढे न्यायचा. ओढलेल्या वायरवर ड्रॉइंगमध्ये खूण करायची आमची पद्धत. एकजण पिवळा हायलायटर फिरवायचा. दुसरा पेन्सिलीने टिक करायचा. तिसरा तर नुसती फेरूल, म्हणजे वायरीच्या टोकाची नंबराची नळी, घातली की टिक करून मोकळा, वायर टर्मिनलला लागली की नाही ते मागाहून. अशा तीन हातांतून गेलेल्या एका पॅनलमध्ये ट्रिप सर्किटची एक वायर, दोन्ही टोकांना फेरूल घालून, डक्टमध्ये नुसती निजलेली होती. ड्रॉइंगवर टिक होती. ती सापडेपर्यंत टेस्टिंगवाल्याचा दीड दिवस गेला आणि तिघांपैकी प्रत्येकजण शपथेवर सांगत होता की मी लावली.

शेवटी एका रविवारी पेंटर बोलावला आणि फ्लोअरवर पिवळ्या रंगाचे चार चौकोन मारून घेतले. पॅनल उभं राहील ते चौकोनातच. एक बाहेर गेल्याशिवाय दुसरं आत नाही. आणि आत यायचं तर त्याचं सगळं सामान, शेवटच्या लगपर्यंत, ट्रॉलीत हजर हवं. मालक भडकले. "दोन माणसं मोकळी दिसतायत, त्यांना काय बसवून पगार देऊ?" खरंच, पहिल्या आठवड्यात दोघं मोकळे होते. एकाला मी पावडर कोटिंगवाल्याच्या दारात नेऊन बसवलं, दुसरा पुढच्या पॅनलच्या फेरूल छापत बसला. दोन महिन्यांत, पूर्वी पाच-पाच आठवडे फ्लोअरवर रेंगाळणारं पॅनल अडीच आठवड्यांत बाहेर पडायला लागलं. माणसं तीच, ओव्हरटाइम उलट कमी. पार्टीला आधी रांगेत थांबावं लागायचं हे खरं, पण आता दिलेली तारीख पाळली जायची. (एकदा मी लबाडी केली. मालकांच्या मेव्हण्याचं पॅनल पाचवं म्हणून बाथरूमच्या बोळात उभं केलं. त्या महिन्यात सगळ्यांत उशिरा गेलं ते तेच.)

यामागचं गणित मला फार मागाहून कळलं. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी ते १९६१ मध्ये सिद्ध केलं होतं. उघड्या कामांना आठवड्याला पुऱ्या होणाऱ्या कामांनी भागा. एक काम सरासरी किती आठवडे अडकून राहणार ते कळतं. आठवड्याला दोन बाहेर जातायत आणि दहा उघडी आहेत, तर पाच आठवडे. तीच चार उघडी ठेवलीत तर दोन. कुणाच्या हाताचा वेग वाढवावा लागत नाही. टोयोटात ताइची ओनो यांनी कानबानची चिठ्ठी आणली तीही याच हेतूने, की पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने बनवत सुटायचं नाही. आमचे चौकोन म्हणजे गरिबाघरची कानबान.

तुम्हाला फरशीवर आखता यायचं नाही, भिंतीवर आखा. नऊ कामांच्या नऊ चिठ्ठ्या. 'चालू'च्या रकान्यात फक्त तीन, आणि एका कामावर दोघं. उरलेल्या सहा रांगेत. रांगेचा क्रम तुम्ही लावू नका, सरांना लावायला सांगा. ते म्हणतील, सगळीच अर्जंट आहेत. तेव्हा वाद न घालता चिठ्ठ्या त्यांच्या हातात द्या आणि भिंतीपाशी उभ्या राहा. माझ्या मालकांना पहिल्या वेळी वीस मिनिटं लागली, आणि तेवढ्यात त्यांनी दोन पार्ट्यांना स्वतःच फोन करून तारीख पुढे ढकलली.

मीटिंग तासभर चालते म्हणजे तिथे बहुतेक 'काल काय केलंस' अशी हजेरी होत असणार. अशा हजेरीला माणूस आपण किती गुंतलो होतो तेवढंच सांगतो. माणसांवरून जाऊ नका, चिठ्ठ्यांवरून जा. जी बाहेर पडायला सगळ्यांत जवळ आलीय ती आधी घ्या आणि विचारा, हिला काय अडलंय? उभ्याउभ्याने, पंधरा मिनिटं. आणि 'झालं' कशाला म्हणायचं ते एकदा ठरवून टाका. आमच्याकडे वायरमनचं 'झालं' म्हणजे वायरिंग झालं, टेस्टरचं 'झालं' म्हणजे मेगर मारून (वायरींचं इन्सुलेशन तपासून) झालं, आणि मी मालकांना 'झालं' म्हटलं की ते टेम्पोवाल्याला फोन लावायचे. टेम्पो दोनदा रिकामा परत गेलाय.

प्रश्न : माझं वय ३१. गावच्या नळपाणी योजनेची पाइपलाइन टाकणाऱ्या कंत्राटदाराकडे मी साइट सांभाळतो. हाताखाली पाचजण. त्यातले एक काका ५४ वर्षांचे, या कामात हयात गेलेली. मी सांगतो त्याला 'हो हो साहेब' म्हणतात आणि करतात स्वतःच्याच मनाचं. टेस्टिंगच्या आधीच चर बुजवून टाकतात. मग गळती निघाली की पुन्हा उकरा. परवा सगळ्यांसमोर बोललो, तर दोन दिवस अबोला. पोरंही आता त्यांच्याच बाजूने.
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : सगळ्यांसमोर बोललात ते आधी निस्तरा. काकांना एकट्याला चहाला न्या आणि म्हणा, "काका, त्या दिवशी पोरांसमोर बोलायला नको होतं, चुकलं माझं." त्याला 'पण' जोडू नका. कामाचं त्या चहाला अजिबात काढू नका.

दुसऱ्या दिवशी विचारा की चर लगेच का बुजवता. खरंच विचारा, जाब म्हणून नाही. कदाचित त्यांना नुसती सवय असेल. पण कदाचित मागे कुठल्या तरी गावात उघड्या चरात कुणाचं जनावर पडून भांडण झालं असेल, किंवा रस्ता अडला म्हणून ऊसवाल्यांनी शिव्या घातल्या असतील. तसं असेल तर तोडगा सोपा आहे, आणि तो त्यांना माहीतही असणार. पाइपच्या मधल्या भागावर माती टाकायची, जोड तेवढे उघडे ठेवायचे, आणि प्रेशर टेस्ट होईपर्यंत त्या जागी काटेरी फांद्या किंवा पट्टी.

मग टेस्ट त्यांच्या ताब्यात द्या. पंप कुणी मारायचा, गेज कुणी वाचायचा, वहीत कुणी लिहायचं, तर काकांनी, आणि सही त्यांची. तुमची सही त्यांच्या खाली. काटा किती वेळ हलता कामा नये ते टेंडरमध्ये लिहिलेलं असतं, त्यात त्यांची मर्जी नाही आणि तुमचीही नाही. तुम्ही माणसाशी भांडताय, ते भांडण गेजवर ढकला.

मी सत्तावीस वर्षांची डिप्लोमावाली पोरगी होते तेव्हा आमचे फोरमन मामा मला 'ताई, ताई' म्हणायचे आणि बसबारचे, म्हणजे पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्ट्यांचे, बोल्ट टॉर्क रेंचशिवाय (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याशिवाय) आवळायचे. "हाताला कळतं." भांडून झालं, रडून झालं. शेवटी नियम केला की आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर लाल रंगाची रेघ मारायची, आणि लाल रंगाची बाटली फक्त मामांकडे. रेघ त्यांची म्हटल्यावर जोड ढिला निघाला तर नावही त्यांचंच. त्यानंतर रेंच बाहेर निघाला. (मी फ्लोअरवर असेपर्यंतच, असं मामा रिटायर झाल्यावर पोरांनी मला सांगितलं. पण ढिला जोड काही सापडला नाही, मग मीही विषय सोडून दिला.)

प्रश्न : आमचं इंटिरियरचं ऑफिस. सहाजण एका दवाखान्याचं काम करतोय. हँडओव्हरला पंधरा दिवस उरलेत आणि काम दहा दिवस मागे आहे. आमच्या मॅडम आणखी दोन डिझायनर द्यायला तयार आहेत. घेऊ का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : डिझायनर नको म्हणा. आयबीएमच्या सिस्टीम ३६०च्या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम ज्यांनी सांभाळलं, त्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं घातली की ते आणखी उशिरा होतं. फर्निचरला वेगळा न्याय नाही. सहाजणांत बोलणाऱ्या जोड्या पंधरा होतात, आठजणांत अठ्ठावीस. आणि नवीन दोघांना सगळं समजावणार कोण? तर ज्याच्याकडे आधीच श्वास घ्यायला वेळ नाही तोच.

त्याऐवजी मॅडमकडे, ज्याला काही विचारावं लागत नाही असा माणूस मागा. प्लायवूड वेळेवर आलं का ते बघणारा, लॅमिनेटच्या दुकानात जाऊन बसणारा, सुताराचे आणि इलेक्ट्रिशियनचे फोन घेणारा. तुमच्या सहाजणांचे दिवसातले दोन तास तरी त्यातच जात असतील. आणि दवाखान्याच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, पहिल्या दिवशी त्यांना नक्की काय लागणार आहे. तपासणीची खोली, बाथरूम आणि बाहेर बसायची जागा एवढ्यावर बरेचजण तयार होतात. केबिनमागचं ते शोकेस महिनाभराने लागलं तरी एकही पेशंट परत जाणार नाही.