परासरण शिकवताना उकडलेला बटाटा विसरू नका

मॅडम, परासरण (पातळ द्रावणातलं पाणी पेशींच्या पटलातून दाट द्रावणाकडे जाणं) दाखवायला कच्च्या बटाट्यासोबत उकडलेलाही ठेवाच. बरेच जण तो वगळतात आणि प्रयोगातला जीवच जातो. दोन्हींची तळाची साल काढा, वर खळगा कोरून साखरेचं दाट द्रावण भरा, पातळीपाशी टाचणी टोचा आणि पाण्याच्या बशीत ठेवा. कच्च्यात पातळी चढते. उकडलेल्यात नाही, कारण उष्णतेने पेशींची पटलं निकामी होतात. हे कारण मुलांकडूनच काढून घ्या, घाई करू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात बशीतलं पाणी भराभर उडतं, लक्ष ठेवा.

परासरणासाठी बेदाणेही चालतात, ते तर आपल्या जिल्ह्यातलेच. सकाळी पाण्यात टाकले की शाळा सुटेपर्यंत टम्म फुगतात.

विसरण (पदार्थाचे कण पाण्यात आपोआप पसरणं) दाखवायला जांभळा रंग सोडणाऱ्या पोटॅशिअम परमँगनेटचा एकच खडा पुरे. पाणी आधी पूर्ण स्थिर होऊ द्या, नाहीतर हलल्यामुळे पसरलेल्या रंगालाच मुलं विसरण समजतील.