हिटिंग कोचला नारळ दिल्यावर यँकीजचे चाहते एवढे खूश का झाले?

तुम्ही विचारलंय की २०२३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघानं मोसमाच्या मध्येच हिटिंग कोच, म्हणजे फलंदाजीचा प्रशिक्षक, डिलन लॉसनला काढलं, तेव्हा चाहते दिवाळी आल्यासारखे का वागत होते, आणि एक कोच गेल्यानं फलंदाजीत खरंच काही फरक पडतो का. मी न्यू जर्सीत राहतो, यँकीजचे सामने बरीच वर्षं बघतोय आणि त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. म्हणून उत्तर देतो, जरा लांबेल.

लॉसन गेला याचा आनंद खरं तर कमीच होता. ब्रायन कॅशमननं कुणाला तरी काढलं, याचा जास्त होता. कॅशमन हे १९९८ पासून यँकीजचे जनरल मॅनेजर. म्हणजे संघात कोण घ्यायचा, कुणाला किती पैसे द्यायचे, हे सगळं त्यांच्या हातात. इतक्या वर्षांत त्यांनी मोसम चालू असताना एकाही कोचला हात लावला नव्हता. संघ कितीही रडतखडत खेळो, पत्रकार परिषदेत उत्तर ठरलेलं: आमच्या माणसांवर विश्वास आहे, प्रक्रिया योग्य आहे, आकडे सुधारतील. स्टेडियममध्ये ‘फायर कॅशमन’च्या घोषणा व्हायच्या आणि विरून जायच्या. अशा माणसानं रविवारी, ९ जुलैला, घरच्या मैदानावर शिकागो कब्जकडून हरल्यावर ऑल-स्टारची, म्हणजे मोसमाच्या मध्यावरची सुट्टी सुरू होताहोताच कोचची हकालपट्टी जाहीर केली. काहीतरी बिघडलंय हे वरच्या मजल्यावरून पहिल्यांदाच कबूल झालं होतं. लोक नाचले ते त्याला.

तेव्हा संघाची अवस्था काय होती तेही सांगतो, कारण तुम्ही क्रिकेट बघणारे दिसता आणि बेसबॉलची सरासरी वेगळी असते. इथे हजार संधींत किती हिट्स (म्हणजे बेसवर सुखरूप पोचवणारे फटके), असा हिशोब. एखाद्या फलंदाजाची सरासरी .३०० असेल तर तो उत्तम; .२५० म्हणजे चालून जातो. यँकीजच्या अख्ख्या संघाची सरासरी त्या दिवशी .२३१ होती. तीस संघांच्या लीगमध्ये अगदी तळाजवळ. खरं तर ४९ विजय आणि ४२ पराभव होते, म्हणजे बुडालेला संघ नव्हता. पण बघवत नव्हतं. नऊ डावांच्या सामन्यात धावफलक सहा-सहा डाव हलायचा नाही.

आता लॉसनवरच राग का? त्यात चिकन पार्मचा (चीज घातलेला एक इटालियन-अमेरिकन पदार्थ) वाटा मोठा आहे, हसू नका. त्या वर्षी अँथनी व्होल्पी नावाचा इथलाच, न्यू जर्सीचाच मुलगा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) म्हणून संघात आला होता. जूनपर्यंत त्याची सरासरी दोनशेच्याही खाली घसरली. मग एका संध्याकाळी तो ऑस्टिन वेल्स या जुन्या सहकाऱ्याबरोबर जेवायला बसला. वेल्स तेव्हा दोन पायऱ्या खालच्या समरसेट पेट्रियट्सकडून खेळत होता. (ब्रिजवॉटरला बालाजीच्या देवळात जाणाऱ्या मराठी मंडळींनी हे मैदान पाहिलं असेल, त्याच गावात आहे.) चिकन पार्म खाता खाता दोघांनी व्होल्पीचे मायनर लीगमधले (म्हणजे खालच्या स्तरावरच्या संघांतले) जुने व्हिडिओ लावले आणि वेल्सच्या लक्षात आलं की याची उभं राहायची पद्धतच बदलली आहे. पायांची ठेवण वेगळी झाली होती. व्होल्पीनं ती जुनी ठेवण परत धरली आणि चेंडू बॅटला लागायला लागले.

ही गोष्ट पेपरात आली आणि लॉसनचं नशीब तिथेच फिरलं, असं माझं मत. पगारी हिटिंग कोच, त्याचे सहायक, विश्लेषकांची फौज, प्रत्येक चेंडूचा व्हिडिओ, एवढं सगळं असताना जे दिसलं नाही ते खालच्या संघातल्या एका यष्टिरक्षकाला जेवताना दिसलं! (इथे त्याला कॅचर म्हणतात, पण काम तेच.) यावर लोक किती तुटून पडले असतील, कल्पना करा.

दुसरं कारण जास्त जुनं आहे. लॉसन मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यांत वरच्या स्तरावर, कधी खेळलेला नव्हता. कॉलेजपर्यंत खेळून कोचिंगला लागलेला, ह्यूस्टनच्या मायनर लीग संघांतून वर आलेला, आकडेवारी जाणणाऱ्या नव्या पिढीतला. त्याचं घोषवाक्य होतं ‘हिट स्ट्राइक्स हार्ड’: मारण्याजोगा चेंडू ओळखा आणि तोच पूर्ण ताकदीनं हाणा. ऐकायला साधं आणि बरोबरही. पण जुन्या वळणाच्या चाहत्यांना यातून एकच अर्थ लागायचा, की हे लोक होमरनच्या (आपल्या षटकारासारखा फटका) नादात साधी एकेरी हिट विसरले. ‘लॅपटॉपवाले कोच’ हा शब्द तेव्हा शिवीसारखा वापरला जात होता. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी, २०२२ मध्ये, याच लॉसनच्या हाताखाली यँकीजनं ९९ सामने जिंकले होते, २५४ होमरन मारून सगळ्या संघांत पहिले आले होते आणि संघाचा मुख्य फलंदाज ॲरन जजनं ६२ होमरनचा अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) विक्रम केला होता. तेव्हा लॅपटॉप कुणाला खुपला नव्हता.

मग २०२३ मध्ये झालं काय? ३ जूनला लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये जज एक झेल घ्यायला धावला आणि बुलपेनच्या (राखीव गोलंदाज सराव करतात ती जागा) कुंपणाचं दार तोडून आत गेला. झेल घेतला, पण पायाचा अंगठा दाराखालच्या काँक्रीटवर आपटला. पुढचे जवळजवळ आठ आठवडे तो बाहेर. जजशिवाय हा संघ म्हणजे काय, ते सगळ्यांनी पाहिलं.

त्याहून वाईट गोष्ट आमच्याच अँथनी रिझोची. मेच्या शेवटापर्यंत त्याची सरासरी .३०४ होती, ११ होमरन होते. २८ मेला सॅन डिएगोविरुद्ध पहिल्या बेसवर फर्नांडो टाटिस ज्युनियरची त्याला धडक बसली, मान जोरात हिसकली. तपासणी झाली, काही नाही म्हणाले, काही दिवसांत तो परत खेळायला लागला. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत त्याची सरासरी .१७२ आणि होमरन एक. रोज चार-चार वेळा तो बॅट घेऊन यायचा, वेगवान चेंडूला उशीर करायचा आणि मान खाली घालून परत जायचा. आमच्याकडे एकमत होतं की कोचनं त्याचा स्विंग, म्हणजे बॅट फिरवायची पद्धत, बिघडवला. शेवटी निघालं काय, तर धडकेनंतरच्या मेंदूच्या इजेची लक्षणं घेऊन तो दोन महिने खेळत होता. निदान झालं तेव्हा लॉसनला जाऊन तीन आठवडे उलटले होते. ज्या माणसाला चेंडू धड दिसत नाही त्याला जगातला कुठलाही कोच काय शिकवणार?

आणि जॉश डोनाल्डसन. त्या वर्षी यँकीजसाठी त्याच्या एकूण हिट्स १५, त्यातले १० होमरन, सरासरी .१४२. सदतिशीचा खेळाडू, भलामोठा करार. त्याला आणलं कुणी? कॅशमननी.

आता खरी मेख. बेसबॉलमध्ये खेळाडूंचे करार पक्के असतात. जियानकार्लो स्टँटनचा करार १३ वर्षं आणि ३२ कोटी ५० लाख डॉलरचा, २०२७ पर्यंतचा. तो .१९१ नं खेळला (त्या वर्षी खेळलाच) तरी पैसे द्यावेच लागतात. जनरल मॅनेजर स्वतःला काढत नाही. मॅनेजर (म्हणजे मैदानावरचा मुख्य प्रशिक्षक) ॲरन बूनला काढलं तर सगळा डोलारा हलतो. राहिला कोण? हिटिंग कोच. पगार तुलनेनं कमी, पर्यायी माणूस हाताशी, आणि बातमी मोठी होते. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच.

तुम्हाला हे ओळखीचं वाटेल. २०१९ च्या विश्वचषकात आपण मँचेस्टरला न्यूझीलंडकडून हरलो, त्यानंतर रवी शास्त्री राहिले, भरत अरुण राहिले, आर. श्रीधर राहिले. गेले एकटे फलंदाजी प्रशिक्षक संजय बांगर. बीडला जन्मलेला माणूस, त्यामुळे आपल्याकडे जरा जास्तच हळहळ झाली. चौथ्या क्रमांकाचा घोळ दोन वर्षं चालला होता, तो काही त्यांनी एकट्यानं घातला नव्हता. तरी नारळ त्यांनाच.

लॉसनच्या जागी आला शॉन केसी. बारा मोसम मेजर लीगमध्ये, कारकिर्दीची सरासरी .३०२, सिनसिनाटीत बूनचा सहकारी, टीव्हीवर समालोचक, अत्यंत गोडबोल्या माणूस, टोपणनावच ‘मेयर’. जुन्या वळणाच्या लोकांना हवा होता तसाच. व्यावसायिक संघात कोचिंगचा अनुभव मात्र शून्य. आणि निकाल? उरलेल्या ७१ सामन्यांत ३३ विजय, ३८ पराभव. ऑगस्टमध्ये सलग नऊ पराभव, जे १९८२ नंतर झालं नव्हतं. संघाची सरासरी .२३१ वरून .२२७ वर, म्हणजे आणखी खाली. मोसम संपल्यावर मुलींजवळ राहायचंय म्हणून केसी निघून गेला. त्याच्या जाण्यावर कुणी फटाके वाजवले नाहीत, कारण तो सगळ्यांना आवडायचा. एवढ्यावरून ओळखा की चाहत्यांच्या रागलोभाचा आणि आकड्यांचा संबंध किती.

पण म्हणून ‘कोचनं काहीच होत नाही’ असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. केव्हिन लाँग या हिटिंग कोचचं उदाहरण घ्या. यँकीजनंच त्याला २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये काढलं. न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघानं, मेट्सनं, लगेच उचललं. तिथे त्यानं डॅनियल मर्फी या बऱ्यापैकी, पण फारशी ताकद नसलेल्या फलंदाजाला प्लेटच्या (चेंडू जिच्यावरून जायला हवा ती जमिनीवरची पट्टी) जवळ उभं केलं, चेंडू लवकर गाठून ओढायला शिकवलं. मर्फीनं २०१५ च्या अख्ख्या साखळीत १४ होमरन मारले होते. साखळीनंतरच्या बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफच्या १४ सामन्यांत ७ मारले, त्यात सलग सहा सामन्यांत होमरनचा विक्रम. मेट्स वर्ल्ड सीरिजला, म्हणजे अंतिम फेरीला पोचले. लाँग पुढे वॉशिंग्टनला गेला आणि २०१९ मध्ये ते विजेते झाले. कोचचा हात असा एखाददुसऱ्या फलंदाजावर दिसतो. तेरा जणांवर एकदम दिसेल ही अपेक्षाच चूक.

शिवाय मोठे खेळाडू संघाच्या कोचवर अवलंबून असतातच असं नाही. जज २०१६ मध्ये .१७९ नं खेळला, त्या हिवाळ्यात रिचर्ड शेंक या खासगी प्रशिक्षकाकडे गेला आणि पुढच्या वर्षी ५२ होमरन. आजही त्याच्या स्विंगवर शेंकची छाप मानतात.

मेट्सचा किस्सा तर अजून मजेदार आहे. २०२० मध्ये त्यांचे हिटिंग कोच चिली डेव्हिस कोविडमुळे संघाबरोबर नव्हतेच, घरून व्हिडिओवर काम करत होते. अक्षरशः उंटावरून शेळ्या हाकणं. त्या वर्षी मेट्सची सरासरी .२७२, सगळ्या संघांत सर्वोत्तम! पुढच्या वर्षी ते प्रत्यक्ष हजर झाले आणि ३ मे २०२१ ला त्यांना काढलं. जेमतेम २३ सामने झाले होते. ३४ कोटी १० लाख डॉलरचा करार नुकताच झालेला फ्रान्सिस्को लिंडोर चालत नव्हता, त्याला घरचे प्रेक्षक हुर्यो देत होते. आणि त्याच सुमारास मेट्सचा फलंदाज पीट अलोन्सोनं ‘डॉनी स्टीव्हनसन’ या नव्या कोचमुळे आम्ही सुधारलो असं पत्रकारांना सांगून टाकलं होतं. असा कुणी माणूसच नव्हता. खेळाडूंनी गंमत म्हणून उभा केलेला कोच. चाहत्यांनी त्याचे टी-शर्ट घातले.

यँकीजकडे केसीनंतर जेम्स राऊसन आला. २०२४ मध्ये २३७ होमरन, पुन्हा सगळ्यांत जास्त, आणि १५ वर्षांनी वर्ल्ड सीरिज. राऊसनचं कौतुक झालं. पण त्याच हिवाळ्यात सॅन डिएगोहून हुआन सोटो हा मोठा फलंदाजही आला होता. सोटोचे ४१ आणि जजचे ५८ मिळून ९९ होमरन होतात. उरलेल्या १३८ मधले राऊसनचे किती, हे मांडून दाखवणारा मला अजून भेटायचाय.

लॉसनला यँकीजच्या जन्मजात वैऱ्यांनी, म्हणजे बोस्टननं, त्याच हिवाळ्यात घेतलं आणि मायनर लीगमधल्या पोरांची फलंदाजी त्याच्याकडे सोपवली. तिथून रोमन अँथनीसारखे फलंदाज वर यायला लागल्यापासून आमच्या ऑफिसातला एक जण, ज्यानं त्या जुलैतल्या सोमवारी सगळ्यांना डोनट वाटले होते, म्हणतो की कॅशमननी लॉसनला सोडायलाच नको होतं.