बॉक्सर वळणात टेकते का?

बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर ट्विन इंजिनाबद्दल, विशेषतः त्याच्या स्पोर्ट अवताराबद्दल, या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तर देत आहोत.

प्रश्न : ‘बॉक्सर’ म्हटलं की घरचे बजाजची बॉक्सर समजतात! बीएमडब्ल्यूच्या इंजिनाला हे नाव कशामुळे? आणि दोन्ही बाजूंना सिलिंडर एवढे बाहेर आलेले असताना ती वळणात झुकणार कशी? (एक वाचक, कोल्हापूर)

मुष्टियोद्धा लढतीआधी दोन्ही मुठी एकमेकींवर आपटतो आणि पुन्हा लांब नेतो. या इंजिनाचे पिस्टन तसेच चालतात : दोन्ही एकदम आत, दोन्ही एकदम बाहेर. क्रँकच्या (पिस्टनची ये-जा फिरतीत बदलणाऱ्या दांड्याच्या) दोन पिना एकमेकींपासून १८० अंशांवर असल्यामुळे हे घडतं. एका पिस्टनचा धक्का दुसरा तिथल्या तिथे खाऊन टाकतो. अगदी पूर्ण नाही, कारण पिना एकापुढे एक असल्यामुळे दोन्ही सिलिंडर एका रेषेत बसत नाहीत आणि इंजिनाला थोडी डोलण्याची सवय राहते. (बॉक्सरवर बसल्यावर जाणवणारी ती ओळखीची थरथर हीच.) २००४ च्या आर १२०० जीएस या साहसी प्रवासाच्या बाइकपासून त्यासाठी बॅलन्स शाफ्ट (थरथर मारणारा जादा दांडा) आला.

१९२३ साली मॅक्स फ्रिट्झ यांनी आर ३२ बनवली, तेव्हा वेग हा हेतू नव्हता. इंजिन ४९४ सीसीचं, ताकद साडेआठ अश्वशक्ती. सिलिंडर आडवे काढले की दोघांनाही समोरून वारा मिळतो, आणि क्रँक बाइकच्या लांबीत बसवली की गिअरबॉक्स व शाफ्ट सरळ रेषेत मागच्या चाकापर्यंत जातात. चेनची कटकट नाही.

सिलिंडर टेकण्याबद्दल : टेलिलिव्हरच्या (ब्रेक मारल्यावर तोंड फारसं खाली बसू न देणाऱ्या बीएमडब्ल्यूच्या पुढच्या सस्पेन्शनच्या) काळातल्या बाइकवर, म्हणजे १९९३ च्या आर ११०० आरएसपासून पुढे, सस्पेन्शन नीट लावलेलं असेल तर रस्त्यावर आधी पायखुंटी घासते, मग स्टँड. टॅपेट कव्हर (सिलिंडरच्या टोकावरचं झाकण) घासत असेल, तर बहुतेक वेळा मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला ताण, कमी पडलेला असतो. सामान आणि मागे माणूस घेऊन बाइक खाली बसते आणि मालक दोष सिलिंडरला देतो. स्वार बसल्यावर मागचं सस्पेन्शन एकूण प्रवासाच्या साधारण तीस टक्के दबलं पाहिजे. जास्त दबत असेल तर प्रीलोड वाढवा.

‘गुरुत्वमध्य फार खाली’ हे वाक्य बॉक्सरबद्दल सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. झुकायला जागा हवी म्हणून क्रँक मुद्दाम वर बसवावी लागते. फायदा वेगळा आहे : क्रँकच्या वर सिलिंडर हेडचं ओझं नसतं. म्हणून डावीकडून उजवीकडे झुकवताना बाइक तिच्या वजनाच्या मानाने हलकी वाटते.

आणि शर्यतीतली साक्ष हवी असेल तर १९७३ ची आर ९० एस पाहा. ८९८ सीसी, ६७ अश्वशक्ती, ३८ मिलिमीटरचे डेलोर्टो कार्बुरेटर. १९७६ साली डेटोनाच्या सुपरबाइक शर्यतीत स्टीव्ह मॅक्लॉफ्लिन आणि रेग प्रिडमोर या दोघांनी ती पहिल्या दोन जागांवर आणली. निकाल फोटो पाहून द्यावा लागला. त्याच वर्षीचं अमेरिकेतलं सुपरबाइक विजेतेपद प्रिडमोरने घेतलं.

प्रश्न : जर्मनीत राहतो. वापरलेली आर ११०० एस (२००२) आणि आर १२०० एस (२००७) अशा दोन बाइक समोर आहेत. दुसरी महाग आहे. कोणती घ्यावी, काय तपासावं? (एक वाचक, श्टुटगार्ट)

आकडे आधी. आर ११०० एस : १०८५ सीसी, ९८ अश्वशक्ती. आर १२०० एस : ११७० सीसी, १२२ अश्वशक्ती, आणि वजनालाही बरीच हलकी. ब्लॅक फॉरेस्टच्या वळणांवर दोन्हींत फरक जाणवेल, पण घेण्याचा निर्णय अश्वशक्तीवर करू नका. तो पुढच्या चार गोष्टींवर करा.

पहिली, ब्रेक. २००१ पासूनच्या आर ११०० एसवर सर्वो (ब्रेकला पंपाने जोर देणारी यंत्रणा) असलेला एबीएस मिळत असे. किल्ली फिरवून लिव्हर दाबलं की पंपाचा घुर्र आवाज येतो, त्यावरून तो ओळखावा. हा पंप बिघडला तर ब्रेक जात नाहीत, पण लिव्हर इतकं जोर लावून दाबावं लागतं की घाबरगुंडी उडते. दुरुस्ती महाग आहे. ब्रेकचं तेल दर वर्षी बदलल्याच्या पावत्या मागा. पावत्या नसतील तर किंमत त्या हिशोबाने पाडा. साधा एबीएस किंवा बिनएबीएसची आर ११०० एस मिळाली तर ती आम्ही आधी निवडू. आर १२०० एसवर सर्वोची भानगडच नाही.

दुसरी, क्लच. दोन्हींत कोरडा, एकाच प्लेटचा क्लच आहे. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते आणि प्लेटच्या मधल्या भोकाचे दाते झिजतात. आधी काही कळत नाही. मग एक दिवस गिअर पडतो, इंजिन ओरडतं आणि बाइक जागची हलत नाही. तपासायची युक्ती : स्टार्टर मोटर काढा, त्या जागेतून प्लेटची कड दिसते. कुणाला तरी क्लच दाबून धरायला सांगा आणि गिअरमध्ये असताना प्लेट पुढेमागे फिरवून पाहा. किंचित हलली तर चालेल, खडखडत हलली तर सोडून द्या. दाते बदलायला बाइक मधोमध दोन तुकडे करून उघडावी लागते. सुट्या भागांपेक्षा मजुरीच जास्त होते.

तिसरी, मागचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे शाफ्टची फिरकी मागच्या चाकाला देणारी गिअरपेटी. बाइक उचलून मागचं चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, धरून हलवा. खटखट जाणवली तर मोठं बेअरिंग गेलंय. तेल काढून बघता आलं तर उत्तम : चुंबकाच्या बुचावर राखाडी पीठ चालतं, चमकणाऱ्या कपच्या चालत नाहीत. आर ११०० एसच्या ड्राइव्हमध्ये साधारण पाव लिटर तेल बसतं, आर १२०० एसमध्ये सुमारे १८० मिलिलिटर. १२०० मालिकेच्या सुरुवातीच्या काही वर्षांत ड्राइव्हला खालून तेल काढायचा स्क्रूच दिला नव्हता, कारण ते तेल आयुष्यभर पुरेल असं गृहीत धरलं होतं. पुरलं नाही. म्हणून मालकाने ते बदललं आहे का, हे जरूर विचारा.

चौथी, इंधनाच्या नळीचे झटपट सुटणारे प्लास्टिकचे जोड. जुने झाल्यावर ते तडकतात आणि गरम इंजिनाजवळ पेट्रोल गळतं. धातूचे जोड स्वस्त मिळतात. घेतल्याच्या पहिल्याच रविवारी बदला.

शिवाय आर ११०० एस पावसात अचानक बंद पडत असेल तर प्रज्वलनाच्या हॉल सेन्सरच्या (ठिणगीची वेळ ठरवायला क्रँकची जागा ओळखणाऱ्या सेन्सरच्या) वायरी पाहा. त्यांचं आवरण उष्णतेने भुगा होतं. चारही गोष्टी ठीक असतील तर आम्ही आर १२०० एस सुचवू. कमी बनली, पुन्हा बनणार नाही. ती विकायला निघाली तर गिऱ्हाईक मिळेल.

प्रश्न : आर ११०० एसचे टॅपेट घरी सेट करता येतात का? गॅरेजवाले बराच वेळ सांगतात. (एक वाचक, मेलबर्न)

येतात (टॅपेट सेट करणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो उघडणारा रॉकर यांच्यातलं अंतर ठरल्याइतकं ठेवणं), आणि सगळ्या मोटरसायकलींत बॉक्सरचंच काम सोपं. टाकी काढायची गरज नाही, हेड हाताशी बाहेर आलेलंच आहे. दर १०,००० किलोमीटरला करा.

इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. बाइक सरळ उभी करा. साइड स्टँडवर असेल तर डाव्या कव्हरमधून तेल सांडेल, ट्रे ठेवाच. दोन्ही प्लग काढा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने फिरवत जा. गिअरबॉक्सच्या कवचावर उजवीकडे रबरी बूच आहे. ते काढलं की आत फ्लायव्हील दिसतं. त्यावरची ‘ओटी’ ही खूण मधोमध आणा. (जर्मन भाषेत ‘ओबरर टोटपुंक्ट’, म्हणजे पिस्टनचं सर्वांत वरचं टोक.) त्या वेळी एका बाजूचे चारही व्हॉल्व्ह सैल लागतील. ती बाजू आधी करायची. दुसऱ्या बाजूचे ताठ लागणारच, त्यांना हात लावू नका.

मागचे इनलेट : ०.१५ मिलिमीटर. पुढचे एक्झॉस्ट : ०.३० मिलिमीटर. रॉकर दुपेडी आहे, एकाच रॉकरखाली दोन व्हॉल्व्ह. म्हणून एकच फीलर गेज (अंतर मोजायची पातळ पट्टी) घालून मोजलं की रॉकर तिरपा होतो आणि माप खोटं येतं. एकाच जाडीच्या दोन पट्ट्या दोन्ही व्हॉल्व्हवर एकाच वेळी घाला. नट ८ न्यूटन मीटरने आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतो. मग क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून दुसरी बाजू.

वाजणारा टॅपेट परवडला, गप्प बसलेला नाही. अंतर संपलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही आणि तो जळतो. कव्हरचे बोल्टही ८ न्यूटन मीटरच. तिथे ताकद दाखवणाऱ्यांनी कितीतरी हेडचे आटे घालवले आहेत.

टॅपेटनंतर थ्रॉटल बॉडीचं सिंक्रोनायझेशन (दोन्ही सिलिंडरना सारखी हवा मिळेल असं जुळवणं), आधी नाही. इंजिन गरम करा, समोर पंखा लावा आणि व्हॅक्यूम गेज जोडून आयडलला दोन्ही बाजू पितळी स्क्रूने सारख्या करा. मग आरपीएम थोडा वाढवून केबलच्या अॅडजस्टरने. निळ्या रंगाने सील केलेला स्टॉप स्क्रू मात्र फिरवायचा नाही. तो एकदा हलला की थ्रॉटल सेन्सरपासून सगळं नव्याने बसवावं लागतं.

प्रश्न : थांबलेल्या बॉक्सरला अॅक्सिलरेटर दिला की ती उजवीकडे झुकते. बिघाड आहे का? (एक वाचक, ठाणे)

नाही. क्रँक बाइकच्या लांबीत फिरते, तिच्या उलट दिशेला बाइकचं अंग ओढलं जातं. चालत्या बाइकवर ते जाणवत नाही. २०१३ नंतरच्या पाण्यावर गार होणाऱ्या इंजिनात तो झटका बराच कमी आहे.

प्रश्न : विजेच्या बाइक येताहेत, चार सिलिंडरच्या बाइक दोनशे अश्वशक्ती ओलांडतात. मग स्पोर्ट बॉक्सरला भविष्य आहे का? (एक वाचक, नाशिक)

आहे, पण जीएसच्या पाठीवर बसून. क्रम पाहा. पाण्यावर गार होणारं इंजिन २०१३ मध्ये आधी जीएसला मिळालं, आरएसला (स्पोर्ट वळणाच्या प्रवासी बाइकला) २०१५ मध्ये. शिफ्टकॅमचं (गरजेनुसार व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडणारं) १२५४ सीसी इंजिन जीएसला २०१८ मध्ये, आरएसला पुढच्या वर्षी. १३०० जीएस सप्टेंबर २०२३ मध्ये आली, १३०० आरएस २०२५ मध्ये. इंजिनाचा खर्च साहसी प्रवासाची बाइक वसूल करते, स्पोर्ट बाइक उरलेल्या पंगतीत जेवते. निव्वळ स्पोर्टसाठीचा मोठा प्रयत्न म्हणजे २००८ ची एचपी२ स्पोर्ट : प्रत्येक हेडला दोन कॅमशाफ्ट, १३३ अश्वशक्ती. तिला वारस मिळाला नाही.

ताकदीची मर्यादा आकारातच आहे. स्ट्रोक (पिस्टनची धाव) वाढवला की इंजिन रुंद होतं आणि वळणात टेकतं. म्हणून १३०० मध्ये बोअर (सिलिंडरचा व्यास) १०६.५ आणि स्ट्रोक अवघा ७३ मिलिमीटर ठेवला आहे. पण एवढा मोठा पिस्टन चार सिलिंडरच्या इंजिनासारखा चौदा हजार आरपीएमला नाचवता येत नाही. त्यातून मिळतात १४५ अश्वशक्ती आणि १४९ न्यूटन मीटर टॉर्क. बीएमडब्ल्यूच्याच चार सिलिंडरच्या एस १००० आरआरचे २१० अश्वशक्ती सर्किटवर लागतात. घाटात चौथ्या गिअरवर वळणातून बाहेर पडताना लागतो तो टॉर्क, आणि तो बॉक्सरकडे खालपासूनच आहे. नव्या इंजिनात गिअरबॉक्स खाली सरकवल्याने इंजिन आखूडही झालं. १३०० आरएसवर टेलिलिव्हर नाही, साधा उलटा टेलिस्कोपिक फोर्क आहे. ब्रेक मारल्यावर पुढचं तोंड खाली बसणार, पण पुढच्या टायरची खबर हाताला जास्त मिळणार. स्पोर्टसाठी आम्हाला हेच योग्य वाटतं.

हवा-तेलावर गार होणारं ११७० सीसी इंजिन आर १२ मालिकेत अजून जिवंत आहे, आर १२ नाइनटीमध्ये १०९ अश्वशक्तीचं. प्रदूषणाचे नियम आणखी कडक झाले की आधी त्याचा नंबर लागेल असा आमचा अंदाज आहे. विजेचं म्हणाल, तर २०१९ च्या व्हिजन डीसी रोडस्टर या संकल्पनेत सिलिंडर नव्हतेच, तरी बॅटरी गार करायचे पंख दोन्ही बाजूंना बाहेर काढले होते. कारखान्यालाही त्या आकाराशिवाय चैन पडत नाही!

प्रश्न : भारतात घेऊन ताम्हिणी, वरंध अशा घाटांत चालवणं शहाणपणाचं आहे का? (एक वाचक, पुणे)

किमतीचा अंदाज आर १३०० जीएसवरून घ्या. जून २०२४ मध्ये ती पूर्ण आयात होऊन २० लाख ९५ हजार रुपये एक्स-शोरूमला आली. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या बाइकना ४० टक्के जीएसटी आहे.

घाटापेक्षा त्रास घाटाआधी होतो. गर्दीत रिक्षाच्या शेजारून बाइक काढताना हँडल निघून जातं आणि सिलिंडर अडकतं. अंदाज हँडलचा नव्हे, सिलिंडरचा घ्या. क्रॅश गार्ड बसवा, पण तो आधी टेकणार नाही इतका आखूड निवडा. हवा-तेलावर गार होणारं जुनं इंजिन असेल, तर टोलच्या रांगेत दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबताना ते बंद करा. वारा नसेल तर त्या इंजिनाला गार करणारं दुसरं फारसं काही नाही.