बागेश्री, साडेदहाचं जेवण आणि गप्प पडलेला ग्रुप

प्रिय आक्का,

मी बेळगावात शहापूरला राहते. वय ३८, पतसंस्थेत नोकरी. मागच्या महिन्यात गावात दोन दिवसांचा शास्त्रीय संगीताचा महोत्सव होता. शाळेपासूनच्या आम्ही चौघी मैत्रिणी. एक पुण्याला, एक हुबळीला, दोघी इथंच. नवरा मुलाला घेऊन कोल्हापूरला गेला होता, म्हणून मीच सगळ्यांना बोलावलं. शनिवारी संध्याकाळी गाणं, मग बाहेर जेवण, रविवारी सकाळची मैफल, नाश्ता, दुपारी सावजी, संध्याकाळी पुन्हा गाणं असा बेत होता. शनिवारी शेवटच्या बुवांनी बागेश्री राग धरला. रंग भरायला लागला होता, तेवढ्यात पुण्याची कानाशी आली, "चल की गं, साडेदहानंतर हॉटेलवाले ऑर्डर घेत नाहीत." तिघी उठल्या, मीही उठले. जेवताना मी एक शब्द बोलले नाही. रविवारी सकाळी कुणीच उठलं नाही, मीही गेले नाही. दुपारी न राहवून म्हणाले, तुम्हाला गाण्यातलं काही कळत नाही. पुण्याची म्हणाली, आम्ही गाण्यासाठी नाही, तुझ्यासाठी आलो होतो. संध्याकाळची वाट न बघता ती निघून गेली. तेव्हापासून आमचा व्हॉट्सॲप ग्रुप गप्प आहे. आता एकटीच जावं म्हणते, तर सासूबाई म्हणतात, बाईमाणसानं एकटीनं गाण्याला कसलं जायचं? माझं चुकलं का?

— एक कानसेन

अगं कानसेनबाई,

चुकलं. शनिवारी रात्री थोडं, रविवारी दुपारी बरंच.

आधी रात्रीचं बघू. तुझ्या पत्रात "तिघी उठल्या, मीही उठले" असं एक वाक्य आहे, आणि सगळी मेख तिथंच आहे. तुला कुणी हाताला धरून बाहेर काढलं नाही. "तुम्ही व्हा पुढं, माझ्यासाठी दोन भाकऱ्या सांगून ठेवा, मी गाणं संपवून येते" एवढं बोलायला किती वेळ लागला असता? त्या गेल्या असत्या, जेवल्या असत्या आणि तू थंड भाकरी खुशीत खाल्ली असतीस. तू बोलली नाहीस. स्वतःच्या पायांनी चालत गेलीस आणि राग मात्र त्यांच्यावर काढलास. जेवणाच्या टेबलावर तासभर तोंड फुगवून बसलेली यजमानीण समोर असली की सावजी रस्सासुद्धा अळणी लागतो, हे तुझ्या मैत्रिणींच्या बाजूनं मला सांगायलाच हवं.

तुझं दुःख मात्र खरं आहे. तुझ्या मैत्रिणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगते. विलंबित म्हणजे संथ एकताल, त्याचं आवर्तन म्हणजे तालाचा एक फेरा बारा मात्रांचा, बारा ठोक्यांचा. अतिविलंबित गाताना त्या बाराच्या अठ्ठेचाळीस होतात आणि एका आवर्तनाला मिनिटभरही लागू शकतो. बुवा षड्जाशी म्हणजे 'सा'शी बसतात, मंद्रात म्हणजे खालच्या सप्तकात जातात, मग एकेक स्वर उलगडत वर येतात. बागेश्रीत तर मध्यमाशी, 'म'शी, येऊन विसावायचं असतं, पंचम म्हणजे 'प' नुसता ओझरता दाखवायचा. तार षड्ज म्हणजे वरचा 'सा' लागेपर्यंत सहज अर्धा तास जातो, आणि तो लागतो तेव्हा त्या अर्ध्या तासाची सगळी वाट बघणं एका क्षणात फळाला येतं. त्याच्या पाच मिनिटं आधी उठणं म्हणजे आपला बेळगावी दुधाचा कुंदा आटत आलेला असताना कढई खाली उतरवणं. दूधही नाही, कुंदाही नाही. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं, एवढा वेळ तेच तेच तर चाललंय, जरा उठलं तर काय बिघडलं? त्यात वाईट हेतू नसतो. उठायचंच असेल तर शेवटची जलद, म्हणजे द्रुत, चीज संपून टाळ्या पडतात तेव्हा उठावं, आणि लवकर जायचं असेल तर आधीच कडेची खुर्ची धरावी. एवढी गोष्ट तू शनिवारी दुपारी चहा पिताना त्यांना सांगितली असतीस तर निम्मं भांडण झालंच नसतं.

आता दुपारचं. "तुम्हाला कळत नाही" हे वाक्य गाण्याच्या नादाला लागलेल्या माणसांच्या जिभेवर फार लवकर येतं. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मले, गावातल्या रंगमंदिराला त्यांचं नाव आहे, म्हणून इथल्या प्रत्येकाला ख्याल आवडलाच पाहिजे असा काही कलेक्टरचा हुकूम निघालेला नाही. पुण्याची मैत्रीण साडेतीनशे किलोमीटर आली. तिला बागेश्रीही नको होता आणि तिखट रस्साही. तिला तुझ्या शेजारी बसायचं होतं. ते तिनं तोंडानं सांगितलं, आणि तुझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. पत्रातही नाही.

आणि तो बेत! मी तो दोनदा वाचला. दोन दिवसांत तीन बैठका, प्रत्येक निदान तीन-साडेतीन तासांची, मध्ये बाहेरची जेवणं, नाश्ता, शिवाय पंचवीस वर्षांच्या गप्पा. कानालाही अजीर्ण होतं गं. रात्री साडेअकराला मसालेदार जेवून पहाटे पाचला उठून कोण सकाळचा ललत राग ऐकणार? तूही उठली नाहीसच. हुबळीजवळच्या कुंदगोळला संगीत महोत्सवात रात्रभर गाणं ऐकायला बसणारी मंडळी असतात, पण ती त्याच एका कामासाठी आलेली असतात. कुणी मध्येच हॉटेलची वेळ बघत नाही. घड्याळ बघणं काही पाप नव्हे, गायिका गंगूबाई हनगल हुबळीहून कुंदगोळला आपल्या गुरूंकडे, सवाई गंधर्वांकडे, शिकायला जायच्या त्यासुद्धा आगगाडीनं, म्हणजे घड्याळ त्यांच्याही मागं होतंच. फरक एवढाच की त्या प्रवासात दुसरा कुठला कार्यक्रम कोंबलेला नव्हता.

पुढच्या वेळी तीनपैकी एकच बैठक निवड, आणि माझं ऐकशील तर सकाळची. लोक संध्याकाळच्या मैफलीला गर्दी करतात, कारण मोठं नाव शेवटी असतं. पण संध्याकाळी यमन, पूरिया धनाश्री, नंतर बागेश्री, मालकंस हे तुला वर्षभर कुठं ना कुठं ऐकायला मिळतात. तोडी, ललत, अहिर भैरव, नंतर उन्हं वर आल्यावर जौनपुरी हे समोर बसून ऐकायचे तर सकाळची मैफलच हवी, आणि अशा मैफली होतात किती? दुसरा फायदा तुझ्या भांडणाशी निगडित आहे. सकाळी कुणाचं जेवण अडलेलं नसतं. मैत्रिणींना निवांत झोपू दे. तू जा, पुढच्या रांगेत बस, मन भरून ऐक. साडेनऊ-दहाला बाहेर ये, तेव्हा त्या तिघी आंघोळी उरकून उप्पीट-शिऱ्याच्या प्लेटी मांडून बसलेल्या असतील. मग अख्खा दिवस त्यांचा. खानावळीत एणगाई म्हणजे भरली वांगी आणि जोंधळ्याची कडक रोटी खा, खडेबाजारात फिरा, कॅम्पात कॉफी प्या, शाळेतल्या बाईंच्या नकला करा. त्यात गाण्याचं नाव काढू नकोस.

शनिवारची संध्याकाळ ऐकायचीच असेल तर जेवणाचा घोळ आधीच मिटव. पाच वाजता मिरची भजी आणि गिरमिट, म्हणजे चुरमुऱ्यांचा हुबळीकडचा प्रकार, खाऊन निघालं की अकरापर्यंत पोट कुरकुरत नाही. हुबळीच्या मैत्रिणीला गिरमिटाची पाककृती विचार, तिला बोलायला विषय मिळेल.

एकटीनं जाण्याबद्दल. जा की. गाणं ऐकायला शेजारी ओळखीचं माणूस लागत नाही, लागला तर चांगला साऊंड लागतो. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होईल, मध्यंतरात चहाचा कप हातात धरून कुणाशी बोलावं कळणार नाही. दोन-तीन मैफलींनंतर तेच ते चेहरे दिसायला लागतात आणि कुणीतरी आपणहून विचारतं, आज तबल्याला कोण आहे हो? गाण्याचे सोबती असे मिळतात. ते जेवणाचे सोबती असायला पाहिजेत असं नाही. सासूबाईंची काळजी बहुतेक गाण्याची नसून रात्री अकराच्या रिक्षाची आहे, आणि ती अगदीच चुकीची म्हणता येत नाही. ओळखीचा रिक्षावाला ठरवून ठेव, निघताना घरी फोन कर. सकाळच्या मैफलीला तर तोही प्रश्न नाही. एकदा त्यांनाही विचारून बघ, येता का म्हणून. नाही म्हणाल्या तरी विचारलेलं लक्षात राहतं.

राहिला ग्रुप. ग्रुपवर काही लिहू नकोस. चौघींच्या देखत माफी मागितली की एक जण अंगठा दाखवते, दुसरी हात जोडते आणि विषय तिथंच गोठतो. पुण्याच्या मैत्रिणीला फोन कर, संध्याकाळी, ती ऑफिसातून घरी पोचल्यावर. "त्या रात्री मला थांबायचं होतं, ते मी सांगितलं नाही आणि राग तुझ्यावर काढला. दुपारी बोलले ते तर वाईटच बोलले" एवढं सांग. पुढं "पण तूही" हे दोन शब्द आले तर फोन केला नसतास तर बरं, असं होईल. बागेश्री समजावून सांगायचा मोह आवर. तिनं विचारलं तर सांग.

ती लगेच मोकळी होईलच असं नाही. आढेवेढे घेईल, कामाचं निमित्त काढेल. मग आठवडाभर गप्प बस आणि नंतर तूच पुण्याला जा. या वेळी बेत तिला ठरवू दे, आणि तिनं तुला सिनेमाला नेलं तर शेवटपर्यंत बस.

— आक्का