पाटीवर आकडा आहे, नावे कोठे आहेत?

प्रश्न : आमच्या गावातील माजी सैनिकांच्या मुला-नातवंडांनी मिळून एक मंडळ काढले आहे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला आम्ही निधी जमवतो आणि ज्येष्ठ सैनिकांचा सत्कार करतो. चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. ती यंदा ॲसिडने घासून अक्षरे रंगवावीत, असे ठरत आहे. याखेरीज आणखी काय करता येईल?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी ॲसिडची बाटली बाजूला ठेवा. संगमरवर आम्लात विरघळतो, त्यामुळे मळाबरोबर अक्षरांच्या कडाही जातील. स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश एवढेच पुरेसे आहे, आणि ऑइलपेंट तर नकोच.

खरे काम त्या पाटीवर जे लिहिलेले नाही, त्याचे आहे. १९१४ ते १९१९ च्या युद्धात या गावातून इतके गडी गेले आणि त्यांपैकी इतके कामास आले, एवढाच मजकूर अशा पाट्यांवर असतो; नाव एकाचेही नसते. मराठा पलटणींतील पुष्कळ जवान मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये), म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी असलेल्या ‘बसऱ्याच्या लढाई’त पडले, तेथील कुट शहराच्या वेढ्यात सापडलेले कित्येकजण २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर कैदेत गेले. बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या शिपायांची मात्र केवळ संख्या आली. स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आहे.

त्याच कमिशनची नोंदवही संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. तीत नाव, शिपाई क्रमांक, पलटण आणि पुष्कळदा वडिलांचे नाव व गावही सापडते. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले असल्याने एकच आडनाव चार-पाच प्रकारे शोधावे लागते, आणि येथेच तुम्ही उपयोगी पडता, कारण कोणत्या भावकीतला कोण परत आला नाही, हे गावाबाहेरचा अभ्यासक ओळखू शकत नाही. पेटीतली पदके पाहा. त्यांच्या कडेवर क्रमांक आणि नाव कोरलेले असते. यादी जमली की जुन्या पाटीला हात न लावता शेजारी नवी बसवा, मात्र कोरण्यापूर्वी प्रत्येक नाव त्या त्या घरी वाचून दाखवा.

आता हयात असलेल्यांविषयी. सत्कार अवश्य करा, पण वर्षातून एकदा द्यावयाचा हयातीचा दाखला ही म्हाताऱ्या माणसांची मोठी अडचण आहे. शेतात राबून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही; अशा वेळी मोबाईलवर चेहऱ्याच्या ओळखीने दाखला काढता येतो, आणि ते काम तुमच्यातला कोणीही ओट्यावर बसून काही मिनिटांत करील. याहून गंभीर गोष्ट म्हणजे पलटणीच्या नोंदीत पत्नीचे माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे, ही तफावत. सैनिक हयात असताना अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून ती दुरुस्त करणे सोपे असते. त्यांच्या पश्चात मात्र त्या माउलीला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी खेटे घालावे लागतात. म्हणून यंदाच्या सत्काराच्या यादीत जितकी नावे आहेत, तितक्या घरी शाल-श्रीफळाच्या आधी एकदा पीपीओचा, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा, कागद पाहायला जा.