दृश्यकलेचे मायनर घेण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

संख्याशास्त्र हा मुख्य विषय कायम ठेवून दृश्यकला आणि डिझाइन हे मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, म्हणून घ्यावे, असे तुझ्या मनात आहे आणि त्याबद्दल तू तीन शंका विचारल्या आहेस: चित्र काढता येत नसताना हा विषय झेपेल का, मुख्य विषयाच्या अभ्यासाला त्याची झळ पोहोचेल का, आणि पुढे त्याचा उपयोग काय. तिन्ही शंका रास्त आहेत. मात्र त्यांच्याकडे वळण्याआधी या मायनरमध्ये नेमके काय शिकायचे असते ते सांगणे मला जरुरीचे वाटते, कारण पुष्कळ विद्यार्थी एखादे सॉफ्टवेअर शिकायला मिळेल म्हणून किंवा मुख्य विषयाच्या ताणातून विरंगुळा म्हणून हे मायनर घेतात आणि पहिल्या सत्राच्या मध्यावरच हिरमुसतात.

या विषयात शिकायचे असते ते पाहायला. हे वाक्य ऐकायला सोपे वाटते, म्हणून एका उदाहरणाने सांगतो. रेखांकनाच्या वर्गात सुरुवातीच्या दिवसांत बहुधा समोर एक साधी लाकडी खुर्ची ठेवतात. नवख्या विद्यार्थ्याच्या कागदावर खुर्चीची बैठक जवळजवळ पूर्ण चौकोनी उतरते आणि चारही पाय सारख्या लांबीचे येतात, कारण बैठक चौकोनी असते आणि पाय सारखे असतात हे त्याला पक्के ठाऊक असते. प्रत्यक्षात त्याच्या जागेवरून बैठकीचा एक चपटा, तिरका पट्टा तेवढा दिसत असतो, मागचे पाय आखूड दिसत असतात आणि त्यांची टोके पुढच्या पायांपेक्षा बरीच वर टेकलेली असतात. मग शिक्षक सांगतात की खुर्ची काढू नकोस, पायांच्या मधल्या पोकळ्या काढ. त्या पोकळ्यांना नाव नसते, त्यांचा आकार कसा असावा याविषयी मनात आधीची कोणतीही समजूत नसते, त्यामुळे हाताला डोळ्यांचे ऐकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आणि पोकळ्या नीट उतरल्या की त्यांच्या मधोमध खुर्ची उभी राहिलेली असते. जे ठाऊक आहे ते क्षणभर बाजूला ठेवून जे समोर आहे ते नोंदवण्याची ही शिस्त आकडेवारीशी आयुष्यभर व्यवहार करू पाहणाऱ्या तुझ्यासारखीला किती मोलाची आहे, ते तुला वेगळे सांगायला नको.

या शिस्तीने विज्ञानातही काय घडते याचे एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. 1609 साली थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले, तेही गॅलिलिओच्या काही महिने आधी. त्या चित्रात प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेवर एक वेडीवाकडी रेषा आणि काही डाग एवढेच आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओने शाईच्या पातळ छटा देत चंद्र रंगवला, तेव्हा त्याला त्या सीमेलगतच्या उजेडाच्या ठिपक्यांत डोंगरांची शिखरे आणि काळोख्या भागात त्यांच्या सावल्या दिसल्या, आणि त्यावरून त्याने डोंगरांच्या उंचीचा हिशेबही मांडला. त्याची दुर्बीण अधिक शक्तिशाली होती हे खरेच. पण तो छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन (सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याची रीत) यांचा कसून अभ्यास करणाऱ्या चित्रकारांच्या सहवासात वाढलेला, स्वतः रेखांकन शिकलेला माणूस होता, आणि 1613 मध्ये फ्लॉरेन्सच्या रेखांकन अकादमीने त्याला सदस्यही करून घेतले. सावलीवरून उंचवटा ओळखण्याची सवय त्याच्या डोळ्यांना आधीपासून होती. गॅलिलिओचे निष्कर्ष 1610 मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर हॅरियटच्या चित्रांतही विवरे दिसू लागली, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत आलो आहे.

आता तुझी पहिली शंका. तुझा हात चित्रकलेला वळलेला नाही, याची चिंता करू नकोस. 1933 मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात ब्लॅक माउंटन कॉलेज सुरू झाले, तेव्हा तिथे प्रत्यक्ष कलेचा सराव सर्वसाधारण शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला होता. तो अभ्यासक्रम घडवायला जर्मनीतील बाउहाउस ही कला आणि डिझाइन शिकवणारी संस्था बंद पडल्यावर तिथले शिक्षक योसेफ आल्बर्स या कॉलेजात आले. त्यांच्यासमोर बसणारे सगळेच विद्यार्थी चित्रकार व्हायला आलेले नव्हते, आणि आल्बर्स यांची अपेक्षाही तशी नव्हती. विद्यार्थ्यांची नजर तयार व्हावी एवढीच ती होती. मायनरच्या वर्गात तुझी गत याहून वेगळी नाही. उलट, शाळेपासून वाहवा मिळवत आलेल्या विद्यार्थ्यांना एक वेगळीच अडचण येते: त्यांच्या हाताला ठरावीक लकबी जडलेल्या असतात, डोळे, झाडे, चेहरे ते आठवणीतून सफाईने काढतात, आणि समोरच्या वस्तूकडे पाहायला त्यांना कारणच उरत नाही. तुला हे ओझे नाही. पहिल्या काही आठवड्यांत तुझे कागद इतरांच्या शेजारी बरे दिसणार नाहीत, ते सोसावे लागेल. रोज अर्धा तास कोळशाने किंवा मऊ पेन्सिलीने समोरची वस्तू काढत राहिलीस, तर सत्र संपण्याआधी हात बसतो.

रेखांकनाखालोखाल रंगाचा अभ्यास घे, आणि तो कागद कापून, चिकटवून शिकवणाऱ्या शिक्षकांकडे घे. आल्बर्स यांनी पुढे येल विद्यापीठात असाच अभ्यास रुजवला. करड्या रंगाच्या एकाच कागदाच्या दोन पट्ट्या कापायच्या, एक पिवळ्याजर्द चौकोनावर ठेवायची आणि दुसरी गडद जांभळ्यावर. पिवळ्यावरची पट्टी काळपट आणि किंचित जांभळट दिसते, जांभळ्यावरची उजळ आणि पिवळसर. दोन्ही एकाच कागदाच्या आहेत हे स्वतःच्या हाताने कापूनही डोळा मान्य करत नाही. या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास प्रथम केला तो मिशेल अजेन शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसच्या गोब्लँ या विणकाम कारखान्यात तो रंगाई विभागाचा प्रमुख होता आणि निळ्या-जांभळ्या विणकामात वापरलेला काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली होती. त्याने इतर ठिकाणचे काळे धागे मागवून तुलना केली, तेव्हा रंगात काहीच खोट निघाली नाही. शेजारचे रंग त्या काळ्याला फिके भासवत होते. त्याचे हे संशोधन 1839 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि चित्रकारांच्या पुढच्या पिढ्यांनी ते मनापासून अभ्यासले.

तू उद्या जिल्हावार आकडेवारीचा नकाशा रंगवशील तेव्हा हेच प्रकरण तुझ्यासमोर येईल. एकाच छटेचे दोन जिल्हे, एक गडद शेजाऱ्यांमध्ये आणि एक फिक्या शेजाऱ्यांमध्ये, वाचणाऱ्याला वेगवेगळ्या आकड्यांचे वाटतील. शिवाय उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे 8 टक्क्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, हे ठाऊक असूनही लाल-हिरव्या आलेखांची चलती अजून ओसरलेली नाही. आकडे अचूक असूनही असे आलेख खोटे बोलतात, आणि ते रोखण्याची जबाबदारी आकडे मांडणाऱ्याची आहे, असे माझे ठाम मत आहे.

उपयोगाची गोष्ट निघालीच आहे, तर 2000 सालच्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीतील फ्लोरिडा राज्याच्या पाम बीच काउंटीची मतपत्रिका शोधून पाहा. वयस्क मतदारांना वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी केली, आणि त्यामुळे उमेदवारांची नावे समोरासमोरच्या दोन पानांवर विभागावी लागली. मत देण्यासाठी छिद्र पाडायची जागा मात्र दोन्ही पानांच्या मधोमध एकाच उभ्या रांगेत राहिली. डाव्या पानावर अल गोर यांचे नाव वरून दुसरे होते, पण त्यांचे छिद्र तिसरे होते. दुसरे छिद्र उजव्या पानावरच्या पहिल्या उमेदवाराचे, म्हणजे पॅट ब्युकॅनन यांचे होते. राज्याचा निकाल गोर यांच्या विरोधात अवघ्या 537 मतांनी लागला. पुढे संशोधकांनी आकडेवारीच्या विश्लेषणातून दाखवून दिले की त्या काउंटीत 2000 हून अधिक मतदारांनी गोर यांना द्यायचे मत चुकून ब्युकॅनन यांना दिले असावे. मतपत्रिका आखणाऱ्यांचा हेतू चांगला होता, अक्षर मोठे करण्याचा निर्णयही समजण्यासारखा होता. पण मतदाराची नजर पानावर कोणत्या क्रमाने फिरेल हे छापण्यापूर्वी कोणी तपासले नाही. डिझाइनच्या वर्गात हेच तपासायला शिकवतात, आणि ती चूक किती मोठी होती हे मोजायला तुझा मुख्य विषय लागला. या दोन विद्या एका माणसाकडे असाव्यात असे मला वाटते, त्याचे कारण हे आहे.

आता क्रिटिकविषयी, म्हणजे वर्गात एकमेकांच्या कामांवर होणाऱ्या चर्चेविषयी, थोडे विस्ताराने लिहितो, कारण इतर विभागांतून येणारे विद्यार्थी तिथेच बिचकतात. सगळ्यांची कामे भिंतीवर लावली जातात आणि वर्ग एकेका कामासमोर थांबून बोलतो. गणिताच्या वर्गात उत्तर चुकले तर कुठल्या पायरीवर चुकले ते दाखवता येते; इथे शिक्षक म्हणतील की डावा कोपरा जड झाला आहे किंवा नजर चित्राबाहेर निसटते, आणि तुला वाटेल की ही केवळ त्यांची आवडनिवड आहे. तसे समजून सोडून देऊ नकोस. कामापासून मागे सरक, डोळे किलकिले करून पाहा म्हणजे बारकावे विरून फक्त गडद-फिक्या भागांची मांडणी उरेल, आणि मग डावा कोपरा खरोखर जड आहे का ते ठरव. पुष्कळदा असतोच. आपल्या कामावर बोलणे सुरू झाले की आपला हेतू समजावून सांगण्याचा मोह आवरावा आणि आधी इतरांना काय दिसले ते लिहून घ्यावे, कारण प्रत्येक पाहणाऱ्याला हेतू समजावायला तू पुढे हजर असणार नाहीस. दुसऱ्याच्या कामावर बोलताना आवडले किंवा आवडले नाही इथे थांबू नये. नजर आधी कुठे गेली, मग कुठे वळली आणि कुठे अडली ते सांगावे. हे बोलणे एकदा जमू लागले की संशोधनाच्या चर्चेतही आपण अधिक नेमके बोलू लागतो, असे मी अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

मुख्य विषयाला झळ पोहोचेल का, याचे उत्तर आखणीवर अवलंबून आहे. स्टुडिओचे तास व्याख्यानांपेक्षा लांब असतात आणि वर्गाबाहेरही तितकाच वेळ मागतात. आदल्या रात्री जागून परीक्षा काढता येते. स्टुडिओचे काम तसे निघत नाही, कारण एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही आणि वाईट झालेली रचना दुसऱ्या दिवशी ताज्या नजरेनेच सुधारते. म्हणून एका सत्रात एकच स्टुडिओ घ्यावा, आणि मुख्य विषयाचा सर्वांत कठीण अभ्यासक्रम ज्या सत्रात असेल ते सत्र टाळावे. प्रवेशाच्या अटी लवकर वाच. पुढच्या वर्गांसाठी पायाभूत अभ्यासक्रम सक्तीचा असतो आणि पुष्कळ ठिकाणी जागा आधी कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना मिळतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षी जागे झालेल्यांना उरलेल्या जागांवर समाधान मानावे लागते.

मायनरमध्ये मोजकेच अभ्यासक्रम बसतात. माझा कौल विचारशील तर रेखांकन, रंग आणि रचना, टायपोग्राफी (पानावरच्या अक्षरांची मांडणी), कलेतिहासाचा एक अभ्यासक्रम, आणि शेवटी माहितीच्या दृश्य मांडणीचा एक प्रकल्प, असा क्रम मी सुचवेन. टायपोग्राफी वगळू नकोस. तुझ्या प्रत्येक अहवालात अक्षरे असणार आहेत, आणि ओळीची लांबी, दोन ओळींमधले अंतर आणि समास यांच्यातला मेळ एकदा डोळ्यांना कळला की बिघडलेले पान लगेच खुपू लागते. कलेतिहासात कोणत्याही काळाचा अभ्यासक्रम चालेल, फक्त एकाच कलाकृतीसमोर दीर्घकाळ बसून लिहायला लावणारे शिक्षक निवड. सॉफ्टवेअरसाठी यांपैकी एकही जागा खर्च करू नये, असे मला वाटते. साधने बदलत राहतात आणि गरज पडली की काही आठवड्यांत स्वतःची स्वतः शिकता येतात.

या मायनरच्या बळावर थेट डिझायनरची नोकरी मिळेल, अशी आशा मी तुला दाखवणार नाही. त्या क्षेत्रात प्रमाणपत्रापेक्षा पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांचा संग्रह, पाहतात आणि पाच-सहा अभ्यासक्रमांत तो पुरेसा भरत नाही. पण विश्लेषक म्हणून काम करताना डिझायनरांशी त्यांच्या भाषेत बोलता येणे आणि स्वतःचा आलेख दुसऱ्याच्या डोळ्यांनी तपासता येणे, ही दोन कौशल्ये तुझ्या क्षेत्रात फार थोड्यांकडे असतात. त्यासाठी पहिल्या दिवसापासून सगळे कच्चे कागद तारीख टाकून जपून ठेव. मुलाखतीत अंतिम आलेखाच्या जोडीला त्याचे आधीचे चार खर्डे आणि प्रत्येक खर्डा का नाकारला याचे कारण मांडता आले, तर समोरच्याला तुझा विचार दिसतो.

नोंदणीची मुदत संपण्याआधी एक काम कर. पायाभूत अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शिक्षकांना भेटून एखाद्या क्रिटिकला मागे बसून ऐकण्याची परवानगी माग. बहुतेक शिक्षक ती आनंदाने देतात. दोन-अडीच तास तिथे बसून काय ऐकलेस आणि भिंतीवरच्या कोणत्या कामापाशी तुझी नजर परत परत गेली, ते मला सविस्तर कळव. मुख्य विषयाचे वेळापत्रकही सोबत पाठव, म्हणजे पहिला स्टुडिओ कोणत्या सत्रात घ्यावा ते आपण मिळून ठरवू.

तुझा हितचिंतक